नाव, आडनाव आणि गीतेतील हाका

मनुष्य जन्माला येतो तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच नसते. अंगावरचे वस्त्र दुसऱ्याने घातलेले, मुखातील घास दुसऱ्याने भरविलेला, आणि नाव तेही दुसऱ्यानेच ठेवलेले. इतकेच नव्हे, तर त्या नावाचा उपयोगही बहुतांशी दुसऱ्यांनाच होतो; स्वतःला हाक मारण्याचा प्रसंग कोणावर येतो? असे असूनही जे दुसऱ्यांनी दिले आणि दुसऱ्यांच्याच तोंडी वसले, त्या नावाला मनुष्य 'मी' म्हणून कवटाळून बसतो, हे मोठे नवल होय. म्हणून नावाआडनावांची उत्पत्ती पाहणे हा केवळ शब्दांचा विनोद नाही. तो आत्मपरीक्षणाचा एक पाठ आहे, आणि त्या पाठाची साधने गीतेने पहिल्या अध्यायापासूनच वाचकापुढे मांडून ठेवली आहेत.

जयनगरातील प्रश्न

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील जयनगर ही वसाहत १९४८ मध्ये आखण्यात आली. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. 'जय' हे महाभारताचेही प्राचीन नाव आहे, हा योगायोग गीतेच्या अभ्यासकाला सुखविणारा आहे. या वसाहतीत कानडी घरांच्या शेजारी तेलुगू, तमिळ, कोकणी आणि मराठी घरेही नांदतात. त्यांतील कित्येक मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या दक्षिणेतच राहिलेली. घरात मराठी, दारात कानडी आणि कचेरीत इंग्रजी, असा त्यांचा त्रिवेणी व्यवहार चालतो.

अशा घरी मूल शाळेत घालावयाचे झाले, किंवा परदेशी जाण्यासाठी पारपत्र काढावयाचे झाले, म्हणजे एक प्रश्न हटकून उभा राहतो. अर्जावर तीन रकाने असतात: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. आजोबांच्या कागदपत्रांत आरंभी एकदोन आद्याक्षरे, मग नाव आणि शेवटी 'राव' एवढेच असते. तेव्हा आडनावाच्या रकान्यात काय लिहावे? 'राव' हेच लिहावे, की आद्याक्षरात दडलेले जुने आडनाव बाहेर काढावे, की गावाचे नाव घालावे? वडील माणसे म्हणतात, घराण्याची खूण बुडू नये. तरुण म्हणतात, सर्व कागदांवर एकच नाव असावे. घरातील सून मनात म्हणते, या तिन्ही रकान्यांत बाळाच्या आईला कोठे जागा आहे? तिघांचेही म्हणणे रास्त आहे. मात्र नाव म्हणजे काय, याचा निर्णय झाल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर समाधानाने देता येत नाही.

चार दिवाण आणि चार आद्याक्षरे

मराठी मंडळी बंगळुरात आली ती काल-परवा नव्हे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली हे शहर तिसऱ्या केंपेगौडाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या येथील दरबाराचे वर्णन करणारे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य त्यांच्या आश्रयास असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने रचले. शहाजींचे पुत्र एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले, आणि त्या राज्याबरोबर अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी स्थिरावली. म्हैसूर संस्थानच्या राज्यकारभारात पुढे जी मराठी माणसे चमकली, त्यांतील काहींची पाळेमुळे याच तंजावरी मराठी समाजात होती.

दक्षिणेतील नावांची घडण समजून घेण्यास म्हैसूर संस्थानच्या ओळीने झालेल्या चार दिवाणांची नावे पुरेशी आहेत. १९०१ ते १९०६ पर्यंत पी. एन. कृष्णमूर्ती हे दिवाण होते. त्यांच्या नावातील पहिले अक्षर पूर्णय्या या त्यांच्या विख्यात पूर्वजाचे. म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या ते हेच. त्यांच्यामागून १९०९ पर्यंत व्ही. पी. माधवराव हे दिवाण झाले. ते कुंभकोणम् येथे जन्मलेले मराठी गृहस्थ. त्यांच्या नावातील 'पी' हे अक्षर पाटणकर या आडनावाचे आहे. पुढे १९१२ पर्यंत टी. आनंदराव आले. सर टी. माधवराव म्हणून त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणगिरी करून गेलेले जे थोर मुत्सद्दी, त्यांचे हे चिरंजीव. पितापुत्रांच्या नावातील 'टी' हे अक्षर आडनावाचे नसून तंजावर या नगराचे आहे. चौथे दिवाण सर एम्. विश्वेश्वरय्या. त्यांचे 'एम्' म्हणजे मोक्षगुंडम. आंध्रातील हे गाव त्यांच्या पूर्वजांचे होते.

चार दिवाण, चार आद्याक्षरे, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा: एकाचे पूर्वजाचे, दुसऱ्याचे आडनावाचे, तिसऱ्याचे नगराचे, चौथ्याचे गावाचे. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व अक्षरे सारखीच दिसतात. आतील अर्थ घरच्या माणसाने सांगितल्याशिवाय कळत नाही. व्ही. पी. माधवरावांच्या एका अक्षरात पाटण नावाच्या गावाची आठवण सांभाळलेली होती. ती ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ते केवळ एक अक्षर.

'राव' या शब्दाचीही गोष्ट अशीच. संस्कृत 'राजन्' पासून 'राय' आणि 'राव' ही रूपे झाली. मराठीत तो नावापुढे लावावयाचा आदरार्थी शब्द. माधव ते माधवराव, आनंद ते आनंदराव. महाराष्ट्रात त्याच्या पुढे आणखी आडनाव आले, म्हणून 'राव' नावातच मिसळून राहिला. दक्षिणेत आडनाव मागे सरून अक्षर झाले. त्यामुळे 'राव' शेवटी एकटा उरला आणि लोक त्यालाच आडनाव समजू लागले. तेलुगू, कोकणी आणि कानडी घराण्यांतही तो तितकाच रूढ आहे. म्हणून 'राव' एवढ्यावरून कोणाची भाषा किंवा कुळ ओळखू जाणे व्यर्थ होय. तो दुसऱ्यांनी दिलेला मान आहे. घराण्याची खूण नव्हे.

आडनावे कशी घडली

महाराष्ट्रातील आडनावांचे स्थूल मानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग गावावरून आलेल्यांचा. 'कर' हा प्रत्यय लावला की गाव आडनाव होते. गंमत अशी की, असे आडनाव बहुधा गाव सोडल्यावरच पडते. पाटणातच राहणाऱ्यांना परस्परांस पाटणकर म्हणण्याचे कारण नसते. घर सोडून आलेल्याला नव्या ठिकाणचे लोक त्याच्या गावाने ओळखतात, आणि पुढे तीच ओळख कायम होते. कानडी मुलखात हेच गाव नावाच्या आरंभी येते. कवी कुवेंपु यांचे पूर्ण नाव कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्प. यांत कुप्पळी हे गाव, वेंकटप्पा हे वडील आणि पुट्टप्प हे त्यांचे स्वतःचे नाव. मराठी माणूस स्वतःपासून आरंभ करून गावापर्यंत जातो. कानडी माणूस गावापासून निघून स्वतःपर्यंत पोहोचतो. वाट एकच, फक्त चालण्याची दिशा निराळी. जयनगरातील मराठी घरांचा गोंधळ यातूनच उद्भवतो. त्यांनी दोन्ही दिशांनी चालून पाहिले आहे.

दुसरा वर्ग कामावरून आणि अधिकारावरून पडलेल्या आडनावांचा. जोशी, पाटील, देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही त्याची परिचित उदाहरणे. कुलकर्णी म्हणजे उत्तम कुळाची करणी करणारा, असा अर्थ काही लोक हौसेने करतात. परंतु तो गावच्या कुळांचा व जमिनींचा हिशेब ठेवणारा लेखक होता. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांतील 'नीस' हे फार्सी 'नवीस' म्हणजे लिहिणारा, या शब्दाचे रूप आहे. जी आडनावे घराण्याच्या पुरातनत्वाचा पुरावा म्हणून अभिमानाने मिरविली जातात, त्यांतील कित्येकांचा अर्धा देह फार्सी आहे, हे जाणणाऱ्याचा अभिमान आपोआप सौम्य होतो.

कामाने मिळालेले नाव मूळ नावावर कशी मात करते, याची उदाहरणे इतिहासात आहेत. नाना फडणविसांचे नाव बाळाजी जनार्दन आणि आडनाव भानू. पण भानू हे आडनाव आज किती जणांना आठवते? पेशव्यांचे मूळ आडनाव भट. पद वंशपरंपरेने चालले आणि तेच घराण्याचे नाव झाले. उलट, काम गेले तरी नाव राहते, हेही तितकेच खरे. १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, आणि १९६२ च्या महाराष्ट्रातील कायद्याने मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद संपले. आज कुलकर्णी आडनावाचा गृहस्थ औषधे विकतो आणि पाटील आडनावाची मुलगी संगणकावर काम करते. अधिकार गेला, शब्द उरला. त्या शब्दामागे पूर्वी कर्तव्य होते. ते नसताना केवळ मान मागणे म्हणजे वतन गेल्यावरही वतनाचा हक्क सांगण्यासारखे आहे.

तिसरा वर्ग प्राणी, वनस्पती, शरीराचे विशेष किंवा एखादा जुना प्रसंग यांवरून पडलेल्या नावांचा: वाघ, लांडगे, पोपट, काळे, गोरे इत्यादी. मूळ प्रसंग बहुधा विस्मृतीत जातो व शब्द तेवढा राहतो. येथे सावधगिरी अवश्य आहे. केवळ उच्चारातील साम्यावरून घराण्याचा उगम एखाद्या राजवंशाशी नेऊन भिडविणे सोपे असते, पण ते सत्य नव्हे. जुना कागद, गावाची परंपरा, कुलदैवत आणि बोलीचा नियम या चारांचा मेळ बसेल तेवढेच मानावे.

गावावरून पडलेल्या आडनावाचा आणखी एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात उच्चनीचतेची वार्ता नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे घराणे सकपाळांचे. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या त्यांच्या मूळ गावावरून शाळेत त्यांचे नाव आंबडवेकर असे नोंदविले गेले. पुढे आंबेडकर नावाच्या एका शिक्षकाने प्रेमाने आपले आडनाव त्यांना दिले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. ज्या समाजात नाव विचारण्याचा हेतू पुष्कळदा जात शोधण्याचा असतो, तेथे गावाचे नाव लावणे ही एक प्रकारची मुक्तता ठरते.

गीतेतील हाका

आता गीतेच्या पहिल्या अध्यायाकडे वळावे. सामान्य वाचक तेथील वीरांची यादी भराभर वाचून पुढे जातो. परंतु नावांच्या दृष्टीने ती यादी अत्यंत बोधप्रद आहे. आडनावांचे जे प्रकार वर पाहिले, ते बहुतेक सर्व तेथे आढळतात. काशिराज हे देशावरून पडलेले नाव. द्रुपदपुत्र आणि सोमदत्ताचा पुत्र सौमदत्ति ही पित्यावरून. सौभद्र, द्रौपदेय, कुंतीपुत्र ही मातेवरून. वृकोदर हे देहाच्या विशेषावरून; भीमाची भूक त्यात दिसते. धनंजय हे पराक्रमावरून. द्रोणांना दुर्योधन आचार्य म्हणतो, ते कार्यावरून. आणि अकराव्या अध्यायात कर्णाला सूतपुत्र म्हटले आहे, तेही पालक पित्याच्या व्यवसायावरून. भारत, कौरव, वार्ष्णेय, यादव ही कुळावरून आलेली नावे.

यांतील मातेवरून आलेली नावे विशेष चिंतनीय आहेत. पहिल्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात भगवंतांच्या मुखातून गीतेतील पहिले वाक्य निघते, आणि त्यात ते अर्जुनाला पार्थ म्हणतात. पार्थ म्हणजे पृथेचा, कुंतीचा, पुत्र. दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात शीतोष्ण व सुखदुःख सोसावयास सांगताना ते त्याला कौंतेय म्हणतात. जिने आयुष्यभर सोसले त्या मातेचे नाव सहनशीलतेच्या उपदेशात यावे, यात मोठे औचित्य आहे. पुढे नवव्या अध्यायाच्या एकतिसाव्या श्लोकात आपल्या भक्ताचा नाश नाही अशी ग्वाही देतानाही हीच हाक येते.

आधुनिक काळात या हाकेचा प्रतिध्वनी दोन ठिकाणी ऐकू येतो. धारवाडचे थोर कानडी कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे हे त्यांचे नाव मराठी रीतीचे: आपले, वडिलांचे आणि घराण्याचे. परंतु काव्यासाठी त्यांनी जे नाव घेतले ते अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारा हा कवी आईच्या नावानेच वाङ्मयात अमर झाला. दुसरे उदाहरण राज्यकारभारातील. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत, शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला. कित्येकांस ही नवी कल्पना वाटली. कौंतेय या शब्दाचा अर्थ जाणणाऱ्याला त्यात जुन्याच कृतज्ञतेचे पुनरुज्जीवन दिसेल.

नाव उच्चारणाऱ्याची योग्यता वाढत गेली म्हणजे तेच नाव कसे निराळे होते, हे गीतेतील 'अच्युत' या एका संबोधनावरून कळते. हे संबोधन गीतेत तीन वेळा आले आहे. पहिल्या अध्यायाच्या एकविसाव्या श्लोकात अर्जुन आपला रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करावयास सांगतो. तेथे या नावामागे आज्ञा आहे. अकराव्या अध्यायाच्या बेचाळिसाव्या श्लोकात, विश्वरूप पाहून भयचकित झालेला अर्जुन आपल्या पूर्वीच्या सलगीची क्षमा मागतो; तेथे या नावामागे पश्चात्ताप आहे. अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात मोह गेला, स्मृती आली, आता सांगाल तसे करीन, असे तो म्हणतो. तेथे या नावामागे शरणागती आहे. नाव एकच, तीनही अक्षरे तीच. पालटला तो हाक मारणारा.

अकराव्या अध्यायातील क्षमायाचनेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. आपण आपल्या सख्याला यादव म्हणून, म्हणजे केवळ कुळाच्या नावाने, हाक मारीत आलो आणि त्याचा महिमा ओळखला नाही, याची अर्जुनाला खंत वाटते. कुळनाव घेतल्याने मनुष्य ओळखला जातो, हा मोठा भ्रम आहे. ज्याला आपण आडनावाने जोखून मोकळे झालो, त्याच्या ठायी काय आहे हे आपण पाहिलेच नाही, असा तो पश्चात्ताप होय. प्रत्येक गृहस्थाला आपल्या दाराशी आलेल्या माणसाच्या बाबतीत तो लागू पडतो.

ठेवलेले नाव

आडनाव वारशाने येते. नाव मात्र विचारपूर्वक ठेवले जाते. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. धर्मग्रंथांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात मुलाच्या नावात सम अक्षरे व मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत, नावाचा आरंभ घोषवर्णाने व्हावा, असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाची जी लक्षणे दिली आहेत, ती आज कोणत्याही बालकाच्या नावास लावण्याजोगी आहेत: उच्चार सुखाचा असावा, अर्थ क्रूर नसावा व स्पष्ट असावा, नाव मनोहर व मंगल असावे आणि त्यात आशीर्वाद असावा. केवळ कोणी पूर्वी ठेवले नाही म्हणून अर्थहीन अक्षरांची जुळणी करणाऱ्यांनी यातील स्पष्ट अर्थाची अट ध्यानात ठेवावी.

परंतु त्याच अध्यायात शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असेही वचन आहे. ते झाकून ठेवणे सत्याला धरून होणार नाही. पाचव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकातील समदर्शन ज्याने स्वीकारले, त्याला हे वचन मान्य करता येणार नाही. बालकाला जन्मताच हीनतेची खूण चिकटविणे हा संस्कार नव्हे. तो अन्याय होय. मराठीत दगडू, धोंडू, कचरू अशी जी नावे आढळतात, त्यांतील कित्येक मात्र तिरस्काराची नसून भयभीत मायेची आहेत. आधीची मुले दगावली म्हणजे आई दृष्ट लागू नये म्हणून बाळाचे नाव असे ठेवी. दगडासारखे मूल टिकावे, एवढीच तिची प्रार्थना असे. एखाद्या घराण्याच्या वंशावळीत असे नाव आढळले तर हसू नये; त्यामागे कोणाचे तरी अश्रू आहेत.

नावात कृतज्ञताही साठविलेली असते. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही नावे अहमदनगरचे शाह शरीफ या साधुपुरुषाच्या नावावरून ठेवली गेली, अशी परंपरागत कथा आहे. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांचे नाव तेथील शिवाईदेवीशी जोडले जाते. एकोजींना व्यंकोजी असेही म्हणत, आणि त्यात दक्षिणेतील व्यंकटेशाचे स्मरण आहे. लोकमान्य टिळकांचे नाव केशव होते. घरी बाळ म्हणत, तेच जगभर झाले. १९१५ मध्ये 'गीतारहस्य' प्रसिद्ध करणाऱ्या या पुरुषाचे नाव अर्जुनाने भगवंतांना मारलेल्या एका हाकेचेच होते. जयनगरला लागून तिलकनगर आहे. तेथून येणाऱ्याजाणाऱ्यांना याचे स्मरण सहज ठेवता येईल.

देवाचे नाव बाळाला ठेवण्याचे मर्म भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाच्या आख्यानात आहे. भ्रष्ट झालेल्या अजामिळाने अंतकाळी पुत्राला हाक मारली. पुत्राचे नाव नारायण होते. अंतकाळी जे आठवावे त्याचीच प्राप्ती होते, असे गीतेचा आठवा अध्याय सांगतो. तथापि याचा अर्थ एकदा नाव ठेवले की काम झाले, असा नव्हे. आठव्या अध्यायाच्या सहाव्या व सातव्या श्लोकांत सदैव केलेल्या भावनेचे आणि नित्य स्मरणाचे महत्त्व सांगितले आहे. दिवसातून दहा वेळा गोविंदा म्हणून हाक मारावयाची आणि प्रत्येक हाकेत संताप भरावयाचा, तर ते नामस्मरण कसले?

अभिमान आणि त्याग

सोळाव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात आसुरी मनुष्याचे बोलणे दिले आहे. मी धनवान आहे, मी थोर कुळातला आहे, माझ्यासारखा दुसरा कोण आहे, असे तो म्हणतो. धनाच्या गर्वाशेजारीच कुळाचा गर्व ठेवला आहे, हे ध्यानात घ्यावे. धनाचा गर्व धन गेल्यावर जातो. कुळाचा गर्व मात्र सर्वस्व गेल्यावरही आडनावाला धरून राहतो, म्हणून तो अधिक चिवट.

याच्या उलट टोकाला नावाचा त्याग आहे. जयनगरच्या पाचव्या ब्लॉकमध्ये राघवेंद्रस्वामींचा मठ आहे. तेथे येणाऱ्या असंख्य भाविकांपैकी थोड्यांनाच त्यांचे पूर्वाश्रमीचे वेंकटनाथ हे नाव आठवत असेल. १६२१ मध्ये संन्यास घेताना त्यांनी ते ठेवून दिले. १६७१ मध्ये मंत्रालय येथे ते वृंदावनस्थ झाले. श्रीनिवास नायक या धनिक व्यापाऱ्याने संपत्तीबरोबर नावही सोडले आणि ते पुरंदरदास झाले. त्यांच्या पदांवर मुद्रा आहे ती पुरंदर विठ्ठलाची. नारायण सूर्याजी ठोसर हे नाव समर्थांच्या चरित्रात शोधावे लागते. रामदास हे नाव घरोघर आहे. ज्यांनी आपले नाव पुसले त्यांचीच नावे टिकली, आणि तीही देवाच्या नावाशी जोडली जाऊन.

गृहस्थाला मात्र नाव टाकून चालत नाही. त्याला अर्ज भरावे लागतात, वारसा सांभाळावा लागतो, मुलांना शाळेत घालावे लागते. त्याच्यासाठी गीतेचा मार्ग कर्म न सोडता आसक्ती सोडण्याचा आहे, आणि तोच नावालाही लावावा. नाव वापरावे, शुद्ध लिहावे, सांभाळावे. पण त्याच्या आधाराने स्वतःला उंच आणि दुसऱ्याला ठेंगणे करू नये. नाव ही मिरास नव्हे. ती आठवण आहे. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात खचलेल्या अर्जुनाला भगवंत पार्थ म्हणतात आणि परंतपही म्हणतात. एका नावाने मातेचे स्मरण दिले, दुसऱ्याने पराक्रमाचे. आणि दोन्हींचा उपयोग केला तो त्याला कर्तव्यासाठी उभा करण्याकडे. नावाचा याहून उत्तम उपयोग कोणता असू शकेल?

गृहस्थाचे कर्तव्य

या विवेचनावरून आचरणाच्या काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, घरातील वृद्ध माणसे हयात आहेत तोवर आपल्या नावातील प्रत्येक अक्षराचा अर्थ त्यांच्याकडून विचारून घ्यावा आणि एका वहीत लिहून ठेवावा: मूळ आडनाव, मूळ गाव, कुलदैवत, गोत्र ठाऊक असल्यास गोत्र, आणि ज्या बायका लग्न होऊन घरात आल्या त्यांची माहेरची नावे. वंशावळीत आजवर बहुधा पुरुषांचीच नावे लिहिली गेली. पुढची वही तरी पूर्ण असावी.

दुसरी, अर्जातील रकान्यावरून घरात कलह करू नये. 'राव' लिहिले म्हणून घराणे बुडत नाही आणि जुने आडनाव लिहिले म्हणून ते वाढत नाही. आईवडिलांनी मिळून एक निर्णय करावा, बाळाच्या सर्व कागदांवर तोच ठेवावा, आणि त्याचा अर्थ मूल मोठे झाल्यावर त्याला सांगावा. कागदावरून जे नाव गेले ते वहीत राहील, आणि वहीत राहिलेले नातवंडांच्या कानी पडेल. पाटणकर हे एका अक्षरात राहूनही टिकले, ते कोणीतरी सांगत राहिल्यामुळेच.

तिसरी, नाव ठेवताना अर्थ पाहावा आणि आयुष्यभर ती हाक ज्याला ऐकावयाची आहे त्याचे सुख पाहावे. ज्या प्रदेशात राहावयाचे त्या प्रदेशातील शेजाऱ्यांच्या जिभेवर ते सुलभपणे बसेल असे असावे. बंगळुरात वाढणाऱ्या मुलाचे नाव कानडी शेजारणीलाही प्रेमाने घेता यावे.

चौथी आणि सर्वांत अवघड, नवा मनुष्य भेटला असता त्याचे आडनाव विचारून त्याची पारख करण्याची सवय सोडावी. प्रथम त्याचे नाव विचारावे, कुशल विचारावे, काम विचारावे. आडनाव कळले तरी त्यावरून मनात पायऱ्या मांडू नयेत. सर्व भूतांच्या हृदयात जो वसतो असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे, त्याला कोणतेही आडनाव नाही. आणि प्रत्येक आडनावाच्या मागे तोच आहे.

बाळाच्या कानात प्रथम नाव सांगितले जाते तेव्हा त्याला त्याचा अर्थ कळत नाही. तो अर्थ घरातील माणसांच्या वागण्यातून त्याला हळूहळू कळावयाचा असतो. ज्या घरात नावाला शोभेल असे वागणे दिसते, तेथील मुलाला घराण्याचा इतिहास निराळा शिकवावा लागत नाही.